गर्भधारणेची लक्षणे नेमकी केव्हापासून जाणवू लागतात?

सायली_वाई

नमस्कार. आम्ही दोघे काही महिन्यांपासून बाळासाठी प्रयत्न करत आहोत. माझी पाळी साधारण ३५ दिवसांनी येते आणि तारीख जवळ आली की शरीरातल्या प्रत्येक बारीकसारीक बदलाकडे माझे लक्ष जाते. कधी स्तन जड वाटतात, कधी ओटीपोटात हलकीशी कळ येते, कधी दुपारी अनावर झोप येते. हे सारे गर्भधारणेमुळे होत असेल का, असे दर वेळी वाटते आणि दर वेळी पाळी येते.

माझ्या थोरल्या जाऊबाई ठामपणे सांगतात की त्यांना पाळी चुकण्याच्या आठवडाभर आधीच कळले होते. आई म्हणते की तिला तिसरा महिना लागेपर्यंत कसलाच त्रास झाला नाही. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये तर "गर्भधारणेच्या पहिल्या आठवड्यातील लक्षणे" असे मथळे दिसतात. यांतले खरे काय धरायचे, दिवस कुठपासून मोजायचे आणि लक्षणे नसतील तर त्याचा काही अर्थ काढायचा का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

शरयू

सायली, मी सांगली भागात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. हा प्रश्न माझ्याकडे रोजच येतो, त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

पहिला घोटाळा मोजणीत आहे. गर्भारपणाचे आठवडे आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, कारण तो दिवस बाईला ठाऊक असतो आणि प्रत्यक्ष गर्भधारणेचा दिवस बहुधा कोणालाच ठाऊक नसतो. या मोजणीप्रमाणे "पहिल्या आठवड्यात" पाळीचा रक्तस्राव चालू असतो आणि गर्भाचा पत्ताही नसतो. चक्र २८ दिवसांचे असेल तर दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस बीज बीजकोशाबाहेर पडते, आणि त्याचे फलन झालेच तर तिथून पुढे काही दिवस तो इवलासा पेशींचा पुंजका बीजवाहिनीतून गर्भाशयाकडे सरकत असतो. म्हणजे "पहिल्या आठवड्यातील लक्षणे" असा मथळा देणाऱ्याने कॅलेंडर उघडून पाहिलेले नाही, एवढेच त्यातून कळते.

दुसरी गोष्ट गर्भ रुजण्याची. गर्भाशयाच्या अस्तरात गर्भ रुजू लागला की त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात सोडू लागतात. मळमळीसारख्या ज्या तक्रारींना आपण गर्भधारणेची लक्षणे म्हणतो, त्या या टप्प्यानंतरच्या आहेत. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९८०च्या दशकात गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांनी रोज आपल्या लघवीचे नमुने दिले होते. त्यावरून १९९९ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो आजही आम्ही आधाराला घेतो. सहा आठवड्यांपलीकडे टिकलेल्या गर्भधारणांमध्ये बीज बाहेर पडल्यानंतर ६ ते १२ दिवसांत गर्भ रुजला होता आणि त्यांतल्या ८४ टक्के स्त्रियांच्या बाबतीत हे आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी घडले होते. २८ दिवसांच्या चक्रात हा दिवस शेवटच्या पाळीपासून बावीस ते चोविसावा येतो, म्हणजे पुढच्या पाळीच्या तारखेला जेमतेम चार-सहा दिवस उरलेले असतात.

याच स्त्रियांनी रोजच्या रोज लक्षणांचीही नोंद ठेवली होती. ज्यांनी पुढे जिवंत बाळाला जन्म दिला, अशा १३६ जणींपैकी निम्म्या जणींना शेवटच्या पाळीपासून छत्तिसाव्या दिवसापर्यंत काही ना काही जाणवू लागले होते, आणि आठवा आठवडा संपेपर्यंत हे प्रमाण ८९ टक्क्यांवर गेले. ही आकडेवारी उलट बाजूनेही वाचून पाहा. पाळी चुकून आठवडा होत आला तरी निम्म्या जणींना काहीच जाणवत नव्हते आणि दर दहांपैकी एकीला आठव्या आठवड्यातही काही नव्हते. तुमच्या आईंचा अनुभव मुळीच जगावेगळा नाही.

केतकीबन

शरयूताई, माहिती उत्तम आहे, परंतु मला हे पूर्णपणे पटत नाही. मला दोन्ही वेळा पाळीच्या तारखेआधीच स्पष्ट कळले होते. स्तनांना कपड्याचा स्पर्शही सोसत नव्हता आणि पायऱ्या चढताना दम लागत होता. बाईचे शरीर तिला जे सांगते, ते कोणत्याही नोंदवहीपेक्षा खरे असते, असे मी मानते.

शरयू

केतकी, तुम्हाला जे जाणवले ते खोटे होते, असे मी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो ते कशामुळे जाणवले, हा.

बीज बाहेर पडले की बीजकोशात मागे राहिलेला भाग प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार करू लागतो, आणि तो गर्भ राहिला तरी करतो आणि न राहिला तरी करतो. या प्रोजेस्टेरॉनने स्तन दुखरे होतात, पोट फुगल्यासारखे वाटते, आतड्यांची हालचाल मंदावून बद्धकोष्ठता होते, झोप येते, चिडचिड होते आणि शरीराचे तापमानही किंचित वाढते. पाळीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांतली ही लक्षणे आणि गर्भारपणाच्या अगदी सुरुवातीची लक्षणे एकाच मुशीतून आलेली आहेत. फरक एवढाच की गर्भ रुजला तर एचसीजीच्या हुकुमावरून प्रोजेस्टेरॉनचे उत्पादन चालू राहते, आणि नाही रुजला तर ते बंद पडून पाळी येते. त्यामुळे चोविसाव्या दिवशी दुखणाऱ्या स्तनांवरून त्या महिन्यात गर्भ राहिला की नाही, हे तुम्ही, मी किंवा आणखी कोणीही सांगू शकत नाही.

आठवणीचाही यात वाटा असतो. ज्या महिन्यात स्तन दुखले आणि पुढे पाळी आली तो महिना आपण विसरून जातो, आणि ज्या महिन्यात दुखून पुढे दिवस राहिले तो आयुष्यभर सांगत राहतो. त्या अभ्यासात आठवून सांगण्याला जागा नव्हती, त्या-त्या दिवशीच टिपून ठेवलेले होते, म्हणून मी त्याला वजन देते.

अर्थात गर्भ लवकर रुजलेल्या एखाद्या स्त्रीला तारखेच्या दोन-तीन दिवस आधी खरोखरच नेहमीपेक्षा वेगळे जाणवू शकते. तुमच्या जाऊबाईंचे म्हणणे मी सरसकट खोडून काढत नाही, सायली. आठवडाभर आधी, एवढेच तेवढे पटण्याजोगे नाही.

मृणाल_दोघांची_आई

माझे दोन अनुभव लिहिते, कारण एकाच बाईच्या बाबतीतही किती अंतर पडते हे त्यातून दिसेल.

पहिल्या वेळी सातवा आठवडा सरेपर्यंत मला काहीही झाले नाही. पाळी चुकली म्हणून तपासणी केली, दोन रेघा आल्या आणि तरीही मी रोजच्यासारखी लोकलने ठाणे ते दादर जात होते. त्यानंतर मात्र एके दिवशी कुकरचे झाकण उघडले आणि भाताच्या वाफेने पोटात असे काही ढवळून आले की मी सरळ बाल्कनीत जाऊन उभी राहिले. भात हा माझा जीव की प्राण, पण पुढचे दोन महिने घरात कुकर लागला की मी दार लावून बसत असे. जिरे-मोहरीच्या फोडणीचे मात्र मला काहीच वाटत नव्हते, आणि हे सासूबाईंना फार विचित्र वाटे, कारण त्यांच्या मते आधी फोडणीच सोसवत नाही.

दुसऱ्या वेळी वासाचा काडीचाही त्रास झाला नाही. त्याऐवजी तोंडात सतत लाळ साठे आणि जिभेवर तांब्याचे नाणे ठेवल्यासारखी चव राही. मळमळ होती ती संध्याकाळी पाचनंतर. सकाळी मी अगदी ठणठणीत असे, त्यामुळे कार्यालयात कोणाला संशयही आला नाही आणि घरी आल्यावर मी जेवणाकडे पाठ करून झोपत असे. दोन्ही मुले उत्तम आहेत. दोन्ही गर्भारपणांत समान असे एकच लक्षण होते, ते म्हणजे थकवा.

शरयू

मृणाल यांनी फार नेमके लिहिले आहे. मळमळ सकाळीच व्हायला हवी असे मुळीच नाही. ती बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि बहुतेकींच्या बाबतीत चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरते. काहींना मात्र ती अखेरपर्यंत पुरते. ढोबळमानाने दहांतल्या सात-आठ जणींना ती कमीजास्त प्रमाणात होते, म्हणजे दोघी-तिघींना अजिबात होत नाही.

असा फरक का पडतो, याचे एक उत्तर २०२३ अखेर 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळाले. जीडीएफ-१५ नावाचे एक प्रथिन गर्भ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात येते आणि मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करते. ज्या स्त्रीच्या रक्तात गर्भारपणापूर्वी हे प्रथिन कमी असते, तिचे शरीर त्याला सरावलेले नसते आणि तिला उलट्यांचा त्रास जास्त होतो. थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते आधीपासूनच पुष्कळ असते आणि त्यांना मळमळ फारच कमी होते, असे त्याच संशोधनात दिसले. तेव्हा उलट्यांनी हैराण झालेल्या सुनेला "आम्ही नाही बाई असले नखरे केले" असे ऐकवणाऱ्यांनी यापुढे जरा जपून बोलावे.

धागा व्यवस्थापन

उलट्यांच्या प्रमाणावरून, चेहऱ्यावरच्या तेजावरून किंवा खाण्याच्या आवडीवरून मुलगा होईल की मुलगी, याविषयीचे तीन प्रतिसाद काढून टाकले आहेत. या लक्षणांवरून लिंग कळत नाही, आणि ते जाणून घेण्याचा खटाटोपच गैर असल्याने १९९४च्या कायद्याने त्यावर बंदी घातलेली आहे. या विषयावर येथे चर्चा होणार नाही.

अनिकेत_के

माझ्या पत्नीला ठरलेल्या तारखेच्या सुमारास दोन दिवस अगदी थोडा, तपकिरी रंगाचा स्राव झाला. आम्ही ती पाळीच समजलो. पुढच्या महिन्यात पाळी आली नाही म्हणून तपासणी केली, आणि सोनोग्राफीत गर्भ आमच्या हिशेबापेक्षा चार आठवड्यांनी मोठा निघाला. गर्भ रुजताना रक्त जाते म्हणतात, ते हेच का? आणि असे असेल तर पाळी आली म्हणून निर्धास्त व्हायचे की नाही?

शरयू

अनिकेत, हा गोंधळ पुष्कळांचा होतो. मी वर सांगितलेल्या गटातच याचीही नोंद झाली होती. टिकलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे ९ टक्के स्त्रियांना पहिल्या आठ आठवड्यांत थोडा रक्तस्राव झाला होता, पण तो बहुधा पाळीच्या अपेक्षित तारखेच्या आसपासचा होता. गर्भ रुजण्याच्या दिवसाशी त्याचा मेळ बसला नाही. म्हणून "रुजतानाचे रक्त" ही कल्पना जितकी लोकप्रिय आहे तितका तिला आधार नाही. नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी, वेगळ्या रंगाची किंवा एक-दोन दिवसांतच आटोपलेली पाळी आली आणि गर्भ राहण्याची शक्यता असेल, तर आठवड्याभराने लघवीची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. दिवसांच्या हिशेबातला असा फरक पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीने दुरुस्त करता येतो.

येथेच एक गंभीर गोष्टही लिहून ठेवते. पाळी चुकलेली किंवा तपासणी होकारार्थी आलेली असताना पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्याच्या टोकाशी कळ, भोवळ किंवा वाढता रक्तस्राव यांपैकी काहीही झाले, तर ते सुरुवातीचे लक्षण समजून घरी थांबू नये. गर्भ बीजवाहिनीतच वाढू लागला असेल तर ती फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठावे, रात्र असेल तर रात्रीच. पाण्याचा घोटही न ठरणे, लघवी कमी व गडद होणे आणि वजन भराभर उतरणे, हेही नेहमीच्या मळमळीत बसत नाही आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची एकत्रित गोळी वर्षानुवर्षे वापरात आहे. ती डॉक्टरांना विचारून घ्यावी, सोसत बसू नये.

निशिगंध

मी वंध्यत्वाच्या उपचारांमधून जात आहे. माझ्यासारख्यांसाठी हा प्रश्न आणखी अवघड असतो, कारण आम्हाला प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा योनिमार्गात ठेवायची औषधे दिलेली असतात. स्तन दुखणे, सुस्ती, पोट फुगणे, पाळी पुढे जाणे, हे सगळे त्या औषधांनीच होते. शिवाय बीज बाहेर पडावे म्हणून दिले जाणारे इंजेक्शन पुष्कळदा एचसीजीचेच असते आणि ते शरीरातून जायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात, त्यामुळे घाईने केलेली घरगुती तपासणी गर्भ नसतानाही होकार दाखवते. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने पेढे आणण्यापर्यंत मजल गेल्यावर हे तिला कळले. डॉक्टरांनी रक्ततपासणीची जी तारीख दिली असेल तिच्या आधी स्वतःच्या शरीरावरून अंदाज बांधू नयेत, एवढेच मी नव्याने उपचार सुरू करणाऱ्यांना सांगेन.

गटप्रवर्तक_जुन्नर

मी आशाताईंबरोबर गावपातळीवर काम करते, म्हणून वेगळी बाजू मांडते. वर सगळे लक्षणांची वाट पाहणाऱ्यांविषयी लिहिले आहे, पण आम्हाला भेटणाऱ्या कितीतरी बायांना लक्षणे असूनही ती गर्भारपणाची वाटत नाहीत. अंगावर पिणारे मूल असेल तर बाई म्हणते, अजून पाळीच सुरू झाली नाही, दिवस राहतील कुठून? परंतु बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्याआधी बीज बाहेर पडू शकते, त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात. चाळिशी ओलांडलेल्या बाईला पाळी चुकली की ती जायची वेळ आली असे वाटते. थकवा तर कामाने येतोच, मळमळ पित्ताची समजली जाते आणि आल्याचा तुकडा चघळून भागवले जाते.

अशा वेळी आशाताईंकडे 'निश्चय' हा लघवी तपासणीचा सरकारी संच असतो. तो उपलब्ध असेल तर त्याचे पैसे पडत नाहीत आणि तपासणी घरातल्या घरात होते. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली की माता व बाल संरक्षण कार्ड मिळते आणि हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तदाब, साखर यांच्या तपासण्या वेळेवर होतात. माती, खडू, राख, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे याला आपल्याकडे डोहाळे म्हणून कौतुकाने सोडून देतात, पण त्यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते, म्हणून अशी बाई दिसली की आम्ही आधी तिचे हिमोग्लोबिन पाहायला लावतो.

घरातल्या मोठ्यांची तीन महिने कोणाला सांगू नये अशी रीत असते. ती शेजारापाजाऱ्यांपुरती पाळावी, आशाताई आणि डॉक्टर यांच्यापुरती नको.

शरयू

अगदी योग्य. यात फॉलिक ॲसिडची भर घालते. बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळीच्या मोजणीने सहाव्या आठवड्याच्या आसपास. मी वर दिलेली आकडेवारी याच्या शेजारी ठेवून पाहिली तर लक्षात येईल की पुष्कळ जणींना पहिले लक्षण जाणवेपर्यंत हे काम संपत आलेले असते. म्हणून सायली, रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आत्तापासूनच सुरू करा, लक्षणांची वाट पाहू नका. आधीच्या बाळात ही नलिका नीट बंद न झाल्याचा दोष असेल किंवा अपस्माराची औषधे चालू असतील तर मात्रा वेगळी लागते, ती डॉक्टर ठरवतील.

रेवा_पुणे

माझा आठवा आठवडा चालू आहे. काल अचानक मळमळ थांबली आणि स्तनांचा जडपणाही कमी झाला. मागच्या वर्षी माझा गर्भपात झाला होता, त्यामुळे रात्रभर झोप लागली नाही. लक्षणे जाणे हे वाईट लक्षण असते का?

शरयू

रेवा, तुमची काळजी स्वाभाविक आहे. मळमळ होणाऱ्या स्त्रियांच्या गटात गर्भपाताचे प्रमाण कमी आढळते, हे खरे आहे आणि आधी गर्भपात झालेल्या स्त्रियांवरील २०१६ सालच्या अभ्यासातही तेच दिसले. पण हे गटाविषयीचे विधान आहे. एका स्त्रीची मळमळ एका दिवशी थांबली यावरून तिच्या गर्भाविषयी काहीही सांगता येत नाही, कारण ही लक्षणे दिवसागणिक कमीजास्त होतच असतात आणि ज्यांना ती कधीच झाली नाहीत अशांनाही निरोगी मुले होतात. तुम्ही आज मनातल्या मनात हिशेब मांडत बसण्यापेक्षा तुमच्या डॉक्टरांना दूरध्वनी करा. आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसायला हवेत, त्यामुळे उत्तर काही मिनिटांत मिळेल. रक्तस्राव किंवा पोटात दुखणे असेल तर उद्यावर ढकलू नका.

रेवा_पुणे

आभारी आहे ताई. आत्ताच गेले होते, ठोके व्यवस्थित आहेत. परतताना रिक्षात पुन्हा मळमळ सुरू झाली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आनंद झाला.

सायली_वाई

सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका उरली आहे. माझे चक्र ३५ दिवसांचे असेल तर मी तपासणी कधी करावी? आणि पुसट रेघ आली तर तिचा अर्थ काय?

शरयू

३५ दिवसांच्या चक्रात बीज चौदाव्या दिवशी बाहेर पडत नाही, ते साधारण एकविसाव्या दिवसाच्या आसपास पडते. गर्भ रुजला तर तो बहुधा एकोणतिसाव्या ते एकतिसाव्या दिवशी रुजेल. म्हणजे २८ दिवसांच्या हिशेबाने तुम्ही तिसाव्या दिवशी "पाळी चुकली" म्हणून तपासणी केलीत तर बहुधा नकारच येईल, गर्भ राहिलेला असला तरीही. छत्तिसावा दिवस उजाडेपर्यंत थांबा आणि सकाळची पहिली लघवी वापरा. नकार आला आणि पाळीही आली नाही, तर एचसीजी सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी दुपटीने वाढते, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासा. आणखी आठवडाभरातही काही स्पष्ट झाले नाही तर डॉक्टरांकडे जा, कारण थायरॉइड किंवा पीसीओडी या बीजकोशांच्या विकारामुळेही पाळी पुढे जाते.

पट्टीवर 'सी'ची, म्हणजे पट्टी नीट चालते हे दाखवणारी, रेघ आलीच पाहिजे, ती नसेल तर तपासणी बाद. 'टी'ची, म्हणजे तपासणीचा निकाल दाखवणारी, रेघ पाकिटावर दिलेल्या वेळेत, म्हणजे बहुधा पाच मिनिटांत, पुसट का होईना पण रंगीत उमटली, तर ती होकार समजून दोन दिवसांनी पुन्हा पाहा. अर्ध्या तासाने किंवा संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिलेल्या पट्टीवर जी राखाडी रेघ दिसते ती लघवी वाळल्याची असते, तिच्यावर विसंबू नका.